माझ्या बोटांचं वर्ष

९ फेब्रुवारी

शेवटचं इंजेक्शन आज घेतलं. पोटावर, बेंबीच्या डावीकडे चार बोटं, नेहमीच्या जागी. सहा वर्षं चाललं होतं हे — आधी दर पंधरवड्याला, मग तीन आठवड्यांनी, मग महिन्यातून एकदा. आता बंद. रिकामी सुई डब्यात टाकली आणि फ्रिजचा वरचा कप्पा पुसून काढला. नवरोबा विचारतो, "आता तिथे काय ठेवायचं?" म्हटलं, लिंबं ठेव.

आठवड्याची गोळी चालूच राहणार. पण संधिवाताला खरं दाबून ठेवलं होतं ते या इंजेक्शननं.

भीती वाटते. लिहून टाकलं, बरं झालं.

११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते विसरायच्या आत लिहून ठेवते. दोन वर्षं सांधे पूर्ण शांत आहेत. उलट छातीतच दोनदा जंतुसंसर्ग झाला, दुसऱ्या वेळी आठ दिवस दवाखान्यात काढले. हे बायोलॉजिकचं इंजेक्शन सांध्यांवरचा हल्ला थोपवतं, पण जंतूंशी लढायची ताकदही कमी करतं. म्हणून थांबवून बघायचं. प्रश्न एकच — दुखणं उलटलं तर?

त्या तेच शोधताहेत. औषध थांबवल्यावर कुणाचं उलटतं, कुणाचं नाही, हे आधी ओळखता येईल का. रक्त, सोनोग्राफी आणि माझी स्वतःची रोजची नोंद. सगळं कॉम्प्युटरमध्ये घातलं आणि आकडा आला. शंभरात बेचाळीस.

"म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जणी घेतल्या, तर वर्षभरात बेचाळीस जणींचं उलटेल," त्या म्हणाल्या. "तुम्ही बेचाळिसातल्या की अठ्ठावन्नातल्या, हे मला आज सांगता येत नाही."

नवरोबा लिफ्ट दुरुस्त करतो. बाहेर येऊन म्हणाला, "आमचं बरं असतं बाई. दोर झिजलेला डोळ्यांना दिसतो."

तिथल्या सिस्टरनं फॉर्म भरून घेतला. रक्ताच्या नात्यात कुणाला आहे? मावशीला होता. मुलंबाळं? एक मुलगी, एकवीस वर्षांची. तिला ऐकू येत नाही, बाकी ठणठणीत. सिस्टरनं बरोबरची खूण केली आणि पान उलटलं.

एक वहीही दिली. रोज सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागतात, ते लिहायचं.

१५ फेब्रुवारी

ताठरपणा शून्य मिनिटं. रोज हेच लिहायला मिळो.

२ मार्च

आज कोर्टात साडेतीन तास सलग. मी दुभाषी — ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या खुणा बोलून दाखवायच्या, आणि वकिलांचं बोलणं खुणांत सांगायचं. वकील बसून बोलतात, न्यायाधीश बसून ऐकतात, उभी मी एकटी. घरी आले तेव्हा खांदे भरून आले होते, पण बोटं नाही. दहाही बोटं हलवून हलवून बघितली. नवरोबा म्हणाला, "पियानो विकत घेतलास की काय?"

लोकांना वाटतं या कामाला डोकं लागतं. लागतं, पण आधी बोटं लागतात. एक बोट अर्धवट वाकलं तरी "भाऊ"चा "शेजारी" होतो, आणि कोर्टात तेवढ्यानं माणूस अडकतो. मी नऊ वर्षं हे काम सोडून नोंदणी कार्यालयात शिक्के मारत बसले होते. तेही दोन हातांनी एक शिक्का.

ते परत नको. बस, एवढंच मागते.

२० मार्च

पहिली तपासणी. हातांना गार जेल लावून बाई एकेक सांधा मशीनवर बघतात. सूज असली तर पडद्यावर लाल ठिपके चमकतात. माझे बावीसच्या बावीस सांधे काळे-करडे. इतका रटाळ सिनेमा मी इतक्या आनंदानं कधी बघितला नव्हता.

७ एप्रिल

भिंगरीशी करार झाला. भिंगरी म्हणजे आमची लेक. लहानपणी एका जागी ठरायची नाही, तेव्हापासूनचं नाव. मी तिला म्हटलं — अर्थात हातांनी, तिच्याशी सगळं हातांनीच, मी फक्त इथे शब्दांत लिहिते — की मशीन महिन्यातून एकदा बघतं, तू रोज बघतेस. माझे हात बोबडे बोलायला लागले की लगेच सांगायचं. लपवायचं नाही.

ती म्हणाली, "तुझे बोबडे हात मी विसरेन होय? मी बोलायला त्यांच्याचकडून शिकले."

खरंच आहे. ती दोन वर्षांची असताना माझं दुखणं सुरू झालं. पहिली तीन वर्षं तर निदानातच गेली — थकवा असेल, वय असेल, काम जास्त होत असेल. डॉक्टरीणबाई अजून हळहळतात, सुरुवातीचे महिने सोन्याचे असतात म्हणून. त्या वर्षांत माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडायचंच नाही. मी ती दोन बोटं मुडपून, कोपरातून हात हलवून बोलायचे. पोरीला वाटलं भाषा अशीच असते. शाळेत गेली तेव्हा तिचीही दोन बोटं मुडपलेली! मुलं चिडवायची, म्हाताऱ्यासारखी बोलते म्हणून. आम्ही घरात त्याला "आईची बोली" म्हणायला लागलो. मोठेपणी तिनं कष्टानं ती सोडवली. आरशासमोर उभी राहून एकेक बोट उघडायला शिकली.

रोज संध्याकाळी मी विचारणार. ती सांगणार — स्वच्छ, किंवा बोबडं.

८ एप्रिल

स्वच्छ.

२८ मे

आज जेवताना भिंगरी एकदम थांबली. "तुझा उजवा अंगठा अडला." मी म्हटलं, नाही गं. "अडला. परत बोल." परत बोलले. "परत."

नवरोबानं ताट तसंच ठेवून दवाखान्यात फोन लावला. मी बेसिनपाशी उभी राहून मूठ मिटत-उघडत राहिले. मिटते आहे. पण अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी आहे. आहेच. की मी मनानं तिथे आणते आहे?

शिक्के मारायची ती खोली डोळ्यांसमोर आली. खिडकी नसलेली.

३० मे

काही नाही. अंगठा स्वच्छ, रक्त स्वच्छ. परवा मी चार तास बाग खणली होती, हे मला आठवलंच नाही. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "असं होतं. पण इतकं धास्तावून राहू नका. झोप आणि मन दोन्ही सांभाळा."

एवढंच म्हणाल्या. पण नवरोबानं घरी येऊन फर्मान काढलं. "वर्ष संपेपर्यंत या घरात कुणी आईला टेन्शन द्यायचं नाही. नळ गळला, मला सांगा. पेपर अवघड गेला, मला सांगा." भिंगरीला हातांनी सांगितलं, तेही त्याच्या त्या तोडक्यामोडक्या हातांनी — त्याची मूठ नेहमी पाना धरल्यासारखी. भिंगरी म्हणाली, "कळलं. आईला फक्त गोड बातम्या."

मला छान वाटलं. खोटं कशाला बोलू, लाड करून घ्यायला कुणाला नको असतं?

१६ जुलै

आजचा साक्षीदार म्हातारा शिंपी होता, जन्मापासून ऐकू न येणारा. घराच्या हद्दीचा वाद. उलटतपासणीत वकिलानं त्याला घुमवून घुमवून विचारलं, मी तेवढंच घुमवून विचारलं, आणि त्यानं एकदाच, सरळ उत्तर दिलं. काम संपल्यावर व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "तुझे हात टाके घातल्यासारखे बोलतात. एकही सुटला नाही."

रडू आलं. बाकावर बसून निवांत रडून घेतलं आणि मग घरी आले. दुखण्यात कधी इतकी रडले नसेन.

३ सप्टेंबर

सात महिने होत आले. शून्य मिनिटं. स्वच्छ.

१२ ऑक्टोबर

भिंगरीचं प्रशिक्षणाचं शेवटचं सत्र सुरू झालं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका व्हायचं तिनं दहाव्या वर्षीच ठरवलं होतं. आता वर्गावर उभं राहून धडे द्यायचे, मागे बसून मोठ्या बाई गुण देणार. जानेवारीत परीक्षा. पास झाली की त्याच शाळेत नोकरी मिळेल.

केस अगदी बारीक कापून आली आहे. एवढी लांब वेणी. मी म्हटलं, अगं विचारायचंस तरी. म्हणाली, "सकाळी वेळ जातो." गोड दिसते, पण मला चुटपुट लागली.

९ नोव्हेंबर

भिंगरीच्या बाईंची चिठ्ठी आली. "विषय उत्तम, मुलांशी वागणं उत्तम. मात्र सकाळच्या तासांना खुणा अस्पष्ट. बोटं पूर्ण उघडत नाहीत. लक्ष द्यावे."

मी वाचलं आणि हसूच आलं. आईची बोली! इतक्या वर्षांनी परत. भिंगरीला म्हटलं, वर्षभर माझ्या हातांकडे टक लावून बसलीस, घे, परत लागली ती सवय. नवरोबा म्हणाला, "मायलेकींनी एकच हात वाटून घेतलाय." ती पण हसली. मग वर अभ्यासाला गेली.

बाईंना मी पत्र लिहिलं. सगळी हकीकत सांगितली, मुलीनं बोलणं कुणाकडून उचललं ते. दोष असलाच तर माझा आहे, तिला समजून घ्या.

२१ नोव्हेंबर

शून्य मिनिटं. हल्ली भिंगरी मानेनंच "स्वच्छ" सांगते. कंटाळली असेल बिचारी. रोज तेच ते.

१४ डिसेंबर

नवरोबा कुरकुरतोय. भिंगरी सकाळी न्हाणीघरात शिरली की अर्धा तास बाहेर येत नाही, सगळं गरम पाणी संपवते. मी म्हटलं, थंडी आहे, तरुण मुलगी आहे, जाऊ दे. तुझी लिफ्ट अर्धा तास अडकली तर लोक थांबतातच ना?

माझी तपासणी झाली. पडदा काळा-करडा. सिस्टर म्हणाली, माझ्यासारखं औषध थांबवून बघणाऱ्यांतल्या सात जणींचं उलटलं आतापर्यंत. त्यातली एक तर आकड्यानं माझ्यापेक्षा कितीतरी सुरक्षित होती, शंभरात अठराच. तिला परत इंजेक्शन सुरू केलंय आणि फरक पडतोय. मला तिचं वाईट वाटलं आणि त्याच क्षणी हायसंही वाटलं. लाज वाटली. पण वाटलं ते वाटलं.

६ जानेवारी

भिंगरी नापास झाली.

विषयात नाही, खुणांत. सकाळी साडेआठचा धडा होता. बाईंनी लिहिलंय — मागच्या बाकांवरच्या मुलांना कळलं नाही. मार्चमध्ये परत बसता येईल.

ती रडली नाही. खिडकीत बसून राहिली, हात काखेत घालून. मी समोर जाऊन म्हटलं, बोल ना काहीतरी. तिनं खांदे उडवले. तिचे हात असे गप्प मी कधी बघितले नव्हते. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं हे. माझ्या दुखण्यानं तुझी भाषाच वाकडी करून ठेवली. तेव्हा मात्र तिनं हात काढले आणि माझे दोन्ही धरले. म्हणाली, "तुझ्यामुळे काही नाही. तू तुझं वर्ष पूर्ण कर."

किती समजूतदार पोर. माझ्यापेक्षा दहापट.

२५ जानेवारी

नवीन चपला आणल्यात तिनं, पट्टा नाही, बक्कल नाही, नुसत्या पाय सरकवायच्या. नवरोबा म्हणे, ही तर तुझ्या त्या दिवसांतल्या चपलांची बहीण. मी म्हटलं, आता फॅशन आहे तशी.

शून्य मिनिटं.

९ फेब्रुवारी

वर्ष झालं!

डॉक्टरीणबाईंनी वहीची सगळी पानं चाळली. तीनशे पासष्ट शून्यं. (मे महिन्यात दोन दिवस मी भीतीनं "पाच?" लिहिलं होतं, ते त्यांनी हसून खोडलं. म्हणजे तीनशे पासष्टच.) मशीन स्वच्छ, रक्त स्वच्छ. म्हणाल्या, "अठ्ठावन्नातल्या निघालात. पुढे कधीच उलटणार नाही असं मी म्हणणार नाही. पण अवघड टप्पा पार केलात." मी त्यांना विचारलं, मग तुम्हाला आधी कळलं का, माझं का नाही उलटलं? त्या म्हणाल्या, "थोडंफार. आम्ही जिथे बघतो तिथलंच आम्हाला दिसतं. बाकीचं निसटतं."

परत येताना मी चालतच आले, तीन थांबे. रस्त्यात दोन्ही हातांनी स्वतःशीच बोलत होते, लोक बघत होते. बघू देत.

घरी नवरोबानं केक आणला होता. कापायला सुरी भिंगरीच्या हातात दिली, तर तिनं ती माझ्याकडे सरकवली. म्हणाली, वर्ष तुझं, सुरी तुझी. आनंदात होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी म्हटलं, आता माझी काळजी संपली, आता तुझी पाळी. मार्चची परीक्षा. उद्यापासून सकाळी उठल्या उठल्या माझ्यासमोर बसायचं. अंघोळ नंतर, चहा नंतर. एकेक बोट उघडून घेते तुझं. आईची बोली मीच लावली, मीच सोडवणार.

ती मानेनंच हो म्हणाली.

१० फेब्रुवारी

सकाळी सात. ती पलंगाच्या कडेवर, मी समोर. म्हटलं, मूठ मीट. मिटली नाही. म्हटलं, उघड. पूर्ण उघडली नाही. मी चिडून तिचा हात हातात घेतला, आणि बोटांच्या मुळाशी ते गरम, फुगीर लागलं. हे मी डोळे मिटूनही ओळखते. कधीपासून, विचारलं. तिनं तीन बोटं वर करायचा प्रयत्न केला. दोनच उघडली. तिसरं मी धरून उघडलं. म्हणाली, तीन महिने, जास्तही असतील. "बाबा म्हणाला होता, तुला टेन्शन नको. तुझं उलटलं असतं."

दवाखान्यात फोन केला, साडेदहाला बोलावलंय. तीन महिनेच आहेत, तीन वर्षं नाहीत. तेवढंच धरून बसले आहे.

ताठरपणा. माझा — शून्य मिनिटं. तिचा — सत्तर.